शिरितोरी कराओके: जपानी गाण्यांच्या भेंड्या खेळायच्या तर

तोक्योत नवी असताना ऑफिसच्या मंडळींनी कराओकेला बोलावलं. मी आठ दिवस लोकलमध्ये कानात इयरफोन घालून केन्शि योनेझुचं २०१८ चं गाजलेलं 'लेमन' घोटलं होतं. त्या दिवशी नुसतं गायचं नव्हतं, शिरितोरी होती. माझ्या आधीच्या काकूंनी १९७५ चं 'निज्यूनि-साइ नो वाकारे' म्हटलं. शेवट 'रे'. मला वाटलं देवच पावला, कारण जपानीत 'ल' नाही, 'लेमन'चा उच्चार 'रेमोन्'. माइक घेतला, डोळे मिटून गायले, टाळ्या पडल्या. मग काकू हळूच म्हणाल्या, "छान गायलात हं. पण तुम्ही हरलात."

रेमोन्. शेवटी न्. शिरितोरीत शब्द 'न्'वर संपला की खेळ संपला, आणि तो ज्याने संपवला तो हरला. गाणं पुरतं होईपर्यंत त्यांनी सांगितलं नाही, हा त्यांचा भिडस्तपणा.

गाण्यांच्या भेंड्या खेळत वाढलेल्या मराठी माणसाला हा खेळ पाच मिनिटांत कळतो आणि पुढची दोन वर्षं चुकत राहतो. जपानी शिकणाऱ्यांसाठी, नोकरी-शिक्षणाला जपानात आलेल्यांसाठी आणि इकडे जपानीच्या क्लासात वर्षअखेरीला काहीतरी धमाल करायची असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी फरक समजून घ्या

'शिरि' म्हणजे मागची बाजू, शेपूट. 'तोरि' म्हणजे धरणं. शेपूट धरून पुढे जायचं. मुलं हा खेळ साध्या नामांनी खेळतात, कराओकेत गाण्यांच्या नावांनी. इथेच पहिला फरक. आपण भेंड्यांत जिथे गाणं थांबलं तिथलं अक्षर घेतो. इथे गाण्याचं नाव मोजतात, कारण मशीनवर गाणी बहुधा नावाने शोधतात. काही जण गाण्याच्या पहिल्या ओळीवरून किंवा गायकाच्या नावावरूनही खेळतात, पण नवख्याने नावावरूनच सुरुवात करावी.

दुसरा फरक जास्त महागात पडतो. आपल्याकडे 'र' आला की रा, री, रु, रे, काहीही चालतं. व्यंजन जुळलं की झालं. जपानीत मात्र का, कि, कु, के, को ही पाच स्वतंत्र अक्षरं आहेत. 'कितागुनि' हा शब्द 'कि'चा, 'का'चा नव्हे. गाणं 'रु'वर संपलं तर तुम्हाला 'रु'च लागणार, 'रो' घेऊन उभं राहिलात तर सगळे प्रेमाने हसतील. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी माणसाने ही चूक निदान एकदा केली आहे.

तिसरा फरक लिहिण्याचा. क्यु साकामोतोचं १९६१ चं 'उए ओ मुइते आरुको' कानाला 'को'वर संपतं. पण जपानी लिपीत तो लांब 'को' 'को-उ' असा लिहितात, म्हणून पुढचं अक्षर 'उ'. सेइको मात्सुदाच्या १९८० च्या 'आओइ सांगोशो'चंही तेच, शेवट 'उ'. तेव्हा कानावर विश्वास ठेवू नका, शब्द लिहून बघा.

एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. जपानी अक्षरांचा क्रम असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतच्या वर्णमालेचा अभ्यास तिकडे गेला, त्यातून तो आला. 'हा' जिथे बसलाय तिथे आपल्याकडे 'प' असतो, आणि जपानीतला 'हा' फार पूर्वी 'पा'च होता. मशीनच्या रिमोटवर अक्षरांची पाटी याच क्रमाने असते. युरोपातून आलेला माणूस तिथे चाचपडत बसतो, आपलं बोट आपोआप जागेवर जातं.

आत शिरण्याआधी नियम ठरवा

खोली तासावर घेतलेली असते. वाद घालण्यात वीस मिनिटं गेली तर पैसे पाण्यात. म्हणून हे चार प्रश्न जिन्यातच सोडवा.

लांब उच्चाराची आडवी रेघ. परकीय शब्दांत लांब स्वर रेघेने दाखवतात. 'आकाइ सुइतोपी'च्या शेवटी 'पि' आणि रेघ. काही जण रेघ सोडून 'पि' धरतात, काही जण स्वर धरून 'इ' घेतात. मी 'इ'च्या बाजूची, कारण 'इ'ला गाणी पुष्कळ.

टिंबं. 'का'ला दोन टिंबं दिली की 'गा', 'ता'ला दिली की 'दा', आणि 'हा'ला दिली की चक्क 'बा'. बहुतेक गट टिंबं काढायची-घालायची मुभा देतात. म्हणजे 'ओकुरु कोतोबा'नंतर 'बा' किंवा 'हा' दोन्ही चालेल. नवखे असाल तर ही मुभा मागून घ्या.

छोटं अक्षर. 'पोन्यो'च्या शेवटी 'नि'ला छोटा 'यो' जोडलेला असतो. मोठा 'यो' समजून पुढे जायचं, हा सोपा मार्ग.

उपशीर्षक. शोकिचि किना यांच्या 'हाना' या ओकिनावाच्या गाण्याला मागे लांबलचक उपशीर्षक आहे, 'सुबेते नो हितो नो कोकोरो नि हाना ओ'. नुसतं 'हाना' धरलं तर 'ना', उपशीर्षकासकट 'ओ'. कुठलं धरायचं ते आधी बोला.

एकदा गायलेलं गाणं पुन्हा नाही, हे सांगायला नको.

वही कशी करायची

सगळे नवखे आरंभाच्या अक्षरावरून यादी करतात. आ-ची गाणी, का-ची गाणी. ती लागतेच, पण अर्धीच कामाची. गाणं नेहमी जोडीने लिहा: कुठून सुरू, कुठे संपतं. माझ्या वहीत 'उ' च्या पानावर असं आहे:

उ–उ: उए ओ मुइते आरुको. सगळ्यांना येतं, सावकाश आहे, पट्टी बरी. 
उ–वा: उस्सेए वा. आदो. मला झेपत नाही, कुणीतरी तरुण असेल तर त्याच्याकडे सरकवायचं. 
उ–मि: उमि. बालगीत, दोन मिनिटांत संपतं. 
उ–दो: उताउताइ नो बाराद्दो. घसा ठीक असेल तरच.

'उ–उ' ही जोडी बघा. 'उ' आला तर ते गायचं आणि पुढच्याच्या गळ्यात पुन्हा 'उ' घालायचा. त्याला वाटत असतं आता सुटलो. आणि हे साधंसुधं गाणं नव्हे. १९६३ च्या जूनमध्ये ते 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिलं होतं. सुकियाकी हा मांसाचा रस्सा, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सगळी ४६ अक्षरं भरायच्या मागे लागू नका. आधी इ, उ, कि, ता, ना, रा एवढी पानं भरा, कारण नावं तिथेच येऊन थांबतात. 'कि' तर इतक्यांदा येतो की निदान तीन गाणी हवीत. हिमाला जपानीत 'युकि' म्हणतात आणि या लोकांना हिमाचं भारी वेड: 'नागोरियुकि', 'कोनायुकि', दोन्ही 'कि'वर. शिवाय 'हानामिझुकि' आहेच. 'कि'वरून उठायला 'कितागुनि नो हारु' (रु) आणि लापुता सिनेमातलं 'किमि ओ नोसेते' (ते) ठेवा. दुसरं सोपं आणि गोड आहे.

आता सलग साखळी कशी दिसते ते बघा. ही मी एका रविवारी चहा पिताना जुळवली:

उए ओ मुइते आरुको (उ) → उस्सेए वा (वा) → वाताशि नो जोकामाचि (चि) → चिइसाना कोइ नो उता (ता) → तानाबाता-सामा (मा) → मारीगोरुदो (दो) → दोंगुरि कोरोकोरो (रो) → रोमान्सु नो कामिसामा (मा) → मानात्सु नो काजित्सु (त्सु) → त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि (कि) → कितागुनि नो हारु (रु) → रुबी नो युबिवा (वा).

बारा गाणी. १९६१ पासून २०२० पर्यंतचा जपान त्यात येऊन गेला. दोन बालगीतं आहेत, दोन एन्का आहेत. एन्का म्हणजे ताटातूट, बंदर, बर्फ, आणि गळ्यातली ती खास थरथर. 'त्सुगारु'मध्ये तोक्योच्या उएनो स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडून बाई उत्तरेला निघते. सायुरि इशिकावा यांचं हे १९७७ चं गाणं काकू मंडळींसमोर म्हणालात तर चुका सगळ्या माफ. आणि बालगीतांना नाकं मुरडू नका. मशीनवर ती असतात, शब्द सोपे असतात, आणि साखळी तुटायची वेळ आली की तीच धावून येतात.

'रु' नावाचं संकट

पट्टीचे खेळाडू 'रु'ने हल्ला करतात. त्याला 'रु-झेमे' असं नावच आहे. मूळ जपानी शब्द रा, रि, रु, रे, रो यांनी सुरू होत नसत. या अक्षरांचे शब्द एकतर चिनीतून आले किंवा पुढे पाश्चात्त्य भाषांतून. म्हणून इथे गाणी कमी आणि जी आहेत त्यांत माणिक, रोमान्स, लिपस्टिक असले परदेशी पाहुणे.

उलट 'रु'वर संपणारी गाणी मात्र पडलेली आहेत, कारण बरीच जपानी क्रियापदं 'रु'वर संपतात. योआसोबी या जोडीचं २०१९ चं 'योरु नि काकेरु' आणि २०२३ चं 'आइदोरु', दोन्ही 'रु'वर. तरुण मुलांना ही पाठ असतात. म्हणजे गटात योआसोबीचा एक भक्त असला की तुमच्यावर दोनदा 'रु' येणार हे धरून चाला.

उतारा एकच पक्का: आकिरा तेराओंचं 'रुबी नो युबिवा', म्हणजे माणकाची अंगठी. १९८१ चं गाणं, त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. खालच्या सुरात, बोलल्यासारखं गायचं आहे, त्यामुळे ज्यांचा आवाज वर जात नाही त्यांनाही जमतं. दुसरा 'रु' आला तर 'रुपान सान्सेइ नो तेमा' (मा).

आणि सावध राहा. 'रु' म्हटलं की डोक्यात पहिलं येतं ते युमि आराईंचं 'रूजु नो देन्गोन्', कारण ते किकी नावाच्या चेटकिणीच्या कार्टून सिनेमात आहे आणि सगळ्यांनी ऐकलेलं आहे. शेवट बघा. न्.

'रो'ला 'रोमान्सु नो कामिसामा' (मा) आहे, 'रोप्पोन्गि जुन्जोहा' (हा) आहे. 'रा'ला मिसेस ग्रीन ॲपलचं 'राइराक्कु' (कु). 'रि'ला 'रिंगो नो उता' (ता) आणि 'रिंदा रिंदा' (दा). दुसऱ्यात बहुतेक वेळ उड्याच मारायच्या असतात, शब्द चुकले तरी कळत नाही.

'न्'चे सापळे

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने. लेमन. स्पिट्झचं 'रोबिन्सोन्'. एकेबी४८ चं 'हेबी रोतेशोन्'. हिबारि मिसोरांचं 'आइ सान्सान्'. 'ओदोरु पोन्पोकोरिन्'. सगळी लाडकी, सगळी घात करणारी.

बालगीतांत तर कहर आहे. जपानी मुलं हत्तीलाही 'सान' लावतात. झो-सान्, म्हणजे हत्तीराव. रानातला अस्वल 'कुमा-सान्', हवालदार कुत्रा 'ओमावारि-सान्'. गोड आहे, पण प्रत्येक 'सान' न्-वर संपतो, 'चान' पण. आदर दाखवलात की हरलात! वर साखळीत मी 'तानाबाता-सामा' वापरलं ते उगाच नाही. 'सामा' हे 'सान'पेक्षा वरचं आदराचं, आणि ते सुखरूप 'मा'वर संपतं. आपल्या घरच्या टीव्हीवरचे डोरेमॉन आणि शिनचॅन दोघंही याच पंथाचे. डोरेमॉन हवाच असेल तर 'दोराएमोन् नो उता' घ्या. 'उता' म्हणजे गाणं, ते शेपटीला लागलं की न्-चा काटा निघतो.

अडलेल्या अक्षरांसाठी काही नावं

ए: 'एरिमो मिसाकि' (कि). के: 'केसेरासेरा' (रा). सो: 'सोबाकासु' (सु), 'केन्शिन' हे कार्टून पाहिलेल्यांना येतं. ते: 'तेन्ताइ कान्सोकु' (कु). नि: 'निन्गेन्त्ते इइना' (ना), जुन्या गोष्टींच्या कार्टूनचं शेवटचं गाणं. ने: 'नेको' (को), म्हणजे मांजर. मु: 'मूनराइतो देन्सेत्सु' (त्सु), सेलर मूनचं. मे: 'मेदाका नो गाक्को' (उ). मो: 'मोनोनोके हिमे' (मे), पण सूर फार वर आहे, विचार करा. या: 'यासाशिसा नि त्सुत्सुमारेता नारा' (रा).

'नु' माझंही पान कोरं आहे. सुदैवाने 'नु'वर संपणारं गाणं क्वचितच येतं.

खोलीत गेल्यावर

कराओके म्हणजे 'कारा' रिकामा आणि 'ओके' ऑर्केस्ट्राचं छोटं रूप. १९७१ मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी नाणं टाकून चालणारी अकरा यंत्रं भाड्याने द्यायला काढली, पेटंट मात्र घेतलं नाही. बंद खोलीचा प्रकार नंतरचा. १९८५ मध्ये ओकायामात मालवाहू कंटेनर रस्त्याकडेला ठेवून त्यात तो सुरू झाला. ओकायामा म्हणजे तेच, ज्याच्या नावाने पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणेकरांना एवढा हक्क सांगायला हरकत नाही.

पैसे माणशी, अर्ध्या तासाच्या हिशोबाने. दिवसा स्वस्त, शुक्रवार-शनिवारी रात्री चांगलेच महाग. बहुतेक ठिकाणी माणशी एक पेय घ्यावंच लागतं. शिरितोरीला पाच-सहा जण आणि दोन तास बरे.

टॅबलेटसारखा रिमोट हातात येतो. गाण्याचं नाव, गायक किंवा पहिली ओळ, तिन्हींवरून शोधता येतं. नावाच्या खान्यात नुसतं 'रु' टाकलं की 'रु'ची गाणी समोर. हे चालणार का ते आधी ठरवा. आमच्यात नवख्यांना एकदा माफ असतं. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांच्या, डोक्यावर छोट्या अक्षरांत उच्चार येतात, त्यामुळे हिरागाना-काताकाना या दोन उच्चारांच्या लिप्या आल्या तरी गाडी चालते. पट्टी वर-खाली करायचं बटण लाजू नका, दाबा. बाईचं गाणं पुरुषाने म्हणताना तीन-चार घरं खाली घेतल्याशिवाय जमत नाही.

तयारीबद्दल एकच सांगते, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या गाण्यात मुखडा आधी येतो. जपानी पॉपमध्ये ओळखीची, गुणगुणायची ओळ, जिला 'साबि' म्हणतात, ती बहुधा दोन टप्पे गेल्यावर येते. रीलवर आपण ऐकलेलं असतं फक्त ते साबि. गाणं लागतं, आणि पहिल्या ओळीलाच आपण पडद्याकडे टकमक बघत बसतो. म्हणून घरी सुरुवात घोटा. साबि आपोआप येतं, आणि तिथे सगळी खोली तुमच्याबरोबर गाते.

शिरितोरीत पूर्ण गाणं म्हणायचं नाही. पहिलं कडवं आणि साबि झालं की थांबवायचं बटण दाबायचं, नाहीतर दोन तासांत साखळी वीस गाण्यांवरही जात नाही. पण दुसऱ्याचं गाणं आपण थांबवायचं नाही, ते त्यानेच. आपली पाळी नसताना टाळ किंवा डफली वाजवा, मेन्यू वाचत बसू नका. मोठ्या माणसाचं खास गाणं असतं, 'ओहाको' म्हणतात त्याला. सोयीचं अक्षर आलं तरी ते आपण उचलू नये. आमचे एक साहेब 'कितागुनि नो हारु'साठी 'कि'ची वाट बघत बसलेले असतात. त्यांच्या आधी 'कि'वर संपणारं काही गायलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि हल्ली मी मुद्दाम 'हानामिझुकि' राखून ठेवते.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. दाराजवळ बसलेल्याने उचलायचा. वाढवून हवं असेल तर 'एन्चो' म्हणा, पण शनिवारी रात्री ते मिळेलच असं नाही. दहा मिनिटांत दोन गाणी होतात. शेवटाला 'होतारु नो हिकारि' घेतात कधी कधी, १८८१ पासून शाळाशाळांतून निरोपाला गायलेलं. 'हो'वरून 'रि'वर. मग 'रि' हातात घेऊन बसलेल्याने 'रिंगो नो उता' लावावं. युद्धानंतरच्या पडक्या जपानात १९४६ साली मिचिको नामिकींच्या आवाजात घराघरांत पोचलेलं हे गाणं. लहान आहे, दहा मिनिटांत बसतं. मग दोन्ही माइक टोपलीत, रिमोट चार्जरवर, बिलाचा कागद घेऊन खाली काउंटरवर.